कंबर नाही, कुल्ला!

‘कुल्ल्याचे दुखणे येथे नीट तपासले जाईल.’

पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलेला हा बोर्ड सरांच्या दवाखान्यावर दीड दिवस टिकला. गोंदियात, बाजाराच्या गल्लीत, एका साडीच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. बोर्ड लागला त्याच संध्याकाळी खालचे दुकानवाले शेठजी धापा टाकत जिना चढून आले. घरमालकही तेच.

“डॉक्टर साब, नीचे मेरी साडी की दुकान है! लेडीज लोग आते हैं!”

“लेडीज लोगों को कुल्ला नहीं होता क्या?” सरांनी विचारलं. थट्टेनं नव्हे, अगदी मनापासून.

शेठजी लाल झाले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हिंदी बोलणारे गृहस्थ गालावर हात धरून आले. हिंदीत कुल्ला म्हणजे चूळ, त्यामुळे त्यांना हा दातांचा दवाखाना वाटला होता. सरांनी त्यांना परत पाठवलं नाही. “दाँत का बाद में देखते हैं,” म्हणाले, “पहले ये बताओ, जिना चढताना तुम्ही उजव्या पायावर इतके कमी वेळ काऊन थांबता?” त्या गृहस्थांचा खुबा खरोखरच झिजायला लागला होता! दाढदुखी घेऊन आलेला माणूस खुब्याचे व्यायाम शिकून गेला. दुपारी शेठजींनी माणूस लावून बोर्ड काढवला.

माझी तिथली नोकरी त्याच आठवड्यात सुरू झाली. नागपूरहून नुकतीच पदवी घेऊन आले होते आणि मला सगळं येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

सर तेव्हा साठीला टेकलेले होते. उंच, किडकिडीत; पॅंट कायम घोट्याच्या वर, खिशात एक शिंप्याची टेप. पोवारांच्या शेतकरी घरातले, त्यामुळे घरी पोवारी, बाजारात हिंदी आणि पेशंटशी झाडीबोली. तिन्ही भाषांत त्यांचा आवाज सारखाच मोठा. माणसाच्या कमरेखालचा आणि मांडीच्या वरचा भाग हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. त्या विषयावर बोलताना ते खुर्चीत बसूच शकत नसत. उठायचे, स्वतःच्या ढुंगणावर थापट्या मारत खोलीभर फिरायचे आणि हाडं, स्नायू, नसा दाखवायचे. पहिल्या दिवशी मला कुठं बघावं ते कळेना.

“लाजली का?” ते म्हणाले. “हेच! ह्याच लाजेपायी लोक मरून राहिले. बाई येते, सांगते कंबर दुखते. मानूस येते, सांगते कंबर दुखते. डॉक्टर कमरेचा फोटो काढते. कमरेत काही ना काही सापडतेच. मंग कमरेचा इलाज. अन् दुखनं कुठं? कंबर नाही, कुल्ला!”

हे खरंच होतं. पुढं मीच शंभरदा पाहिलं. आमच्याकडं कुणी ‘ढुंगण दुखतं’ असं म्हणत नाही. तो शब्द शिवीसाठी आणि हसण्यासाठी राखून ठेवलेला. म्हणून सर पेशंटला ‘कुठं दुखतं’ असं विचारायचेच नाहीत. म्हणायचे, “दाखवा.” आणि मग हात कुठं जातो त्यापेक्षा कसा जातो ते बघायचे. एक बोट नेमकं बसायच्या हाडावर टेकलं तर एक गोष्ट. अख्खा तळवा मांडीच्या मागून पोटरीपर्यंत घसरला तर दुसरी. आणि अंगठा मागं, चार बोटं पुढं, असा खुब्याला चिमटा धरला, की ते माझ्याकडं बघून भुवया उडवायचे. दुखणं सांध्याच्या आत आहे.

तपासणी मात्र त्याच्याही आधी सुरू झालेली असायची. दवाखान्याच्या खिडकीतून खालचा ऑटो थांबा दिसायचा. सर खिडकीत उभे राहायचे आणि ऑटोतून कोण कसं उतरतं ते बघायचे. “आला बघ! डावा पाय आधी टाकला. हात कुठं? हात बघ हात!” क्रिकेटची मॅच बघावी तसे ओरडायचे. खालचे पानठेलेवाले वर बघून हसायचे.

पेशंटला बसायला आमच्याकडं तीन जागा होत्या. लाकडी स्टूल, सुतळीची बाज आणि जमिनीवर चटई. सर प्रत्येकाला तिन्हींवर बसवायचे. नवखी माणसं गोंधळायची. एका बँकेतल्या साहेबांनी चिडून विचारलं, “मी काय इथं बसायची परीक्षा द्यायला आलोय?” सर आनंदानं म्हणाले, “बरोब्बर!”

बिडी वळणाऱ्या एका काकूंची गोष्ट मी अजून लोकांना सांगते. दोन वर्षं डाव्या कुल्ल्यात आग होते, अशी तक्रार. सर तिन्ही जागांवर बसवून थकले, काही सापडेना. दुसऱ्या दिवशी ते सरळ काकूंच्या घरी गेले, मांडीवर सूप घेतलं आणि दिवसभर त्यांच्या शेजारी बसून बिड्या वळल्या. मी दुपारी डबा घेऊन गेले तर सर तंबाखूनं माखलेले आणि काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. “डॉक्टराच्या बिड्या एक बी पास नाही होत जी!” संध्याकाळी सर लंगडतच उठले आणि ओरडले, “सापडलं!” सूप तिरपं होऊ नये म्हणून काकू नऊ तास डाव्या टाचेवर बसत होत्या. टाच थेट बसायच्या हाडाखाली. औषध काय, तर बसायची तऱ्हा बदलायची आणि एक गठ्ठा झाला की उठून अंगणात चक्कर मारायची. दोन महिन्यांत काकूंची आग विझली.

आणि रविवारी मटणाचं दुकान! सर स्वतः मांसाला शिवत नसत, पण दर रविवारी सकाळी चाचांच्या दुकानापुढं तास तास उभे राहत. मलाही न्यायचे. बकऱ्याच्या मांडीवर एक पांढरा पातळ पापुद्रा असतो. माणसाच्याही स्नायूंवर तसाच असतो, कमरेपासून तळपायापर्यंत, एकात एक गुंतलेला. चाचांकडून त्याचा तुकडा मागून घेऊन सरांनी एक टोक माझ्या हातात दिलं.

“ओढ. झटका दे.”

मी झटका दिला. पापुद्रा ताठ, जणू चामड्याची वादी.

“आता हळू ओढ. धरून ठेव. घाई करू नोको.”

मी धरून ठेवलं. एक मिनिट, दोन मिनिटं. चिमटीत काहीतरी बदललं. पापुद्रा केसभर, अगदी केसभर लांब झाला होता. माझ्या अंगावर काटा आला! पुस्तकात हे वाचून मी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, पण बोटांना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“झटक्याले थे भांडते,” सर म्हणाले, “अन् सबुरीले ऐकते. आता सोड. बघ, परत जाते, पन पुरी जात नाही. हे असं जिवंत मानसात आनखी अवघड असते. तिथं भीती बी असते ना.”

“डॉक्टर साब,” चाचा सुरी पुसत म्हणाले, “लेना हो तो लो, नहीं तो गिऱ्हाइक को जगह दो.”

हे सगळं हसत हसत सांगता येतं. आता जे सांगायचं आहे ते तसं नाही.

सर दर वर्षी धानकापणीला पंधरा दिवस गावी जायचे. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांनी दवाखाना माझ्यावर सोपवला. मी हवेतच होते. त्याच दिवसांत इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावातून एक मुलगी यायला लागली. बावीस वर्षांची, काटक, डोळ्यांत नुसती धग. पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे कालव्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, धावायची. वडिलांचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान. बापलेक पॅसेंजरनं यायचे.

“मॅडम, कंबर दुखते. इकडून.” तिनं उजव्या कुल्ल्यावर ओझरता हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. “मैदानी चाचणी आहे. लवकर बरं करा.”

तिच्याकडं तीन आठवड्यांपूर्वीचा एक्स-रे होता, त्यात काही नव्हतं. मी तपासलं. कुल्ल्याच्या खोल स्नायूवर दाबलं, तिला दुखलं. झालं! स्नायू आखडलाय, मी ठरवून टाकलं. बारा दिवस मी तिच्या कुल्ल्यावर कोपरानं दाब दिला, पाय छातीकडं वळवून ताण दिला. ती दात आवळून सहन करायची. म्हणायची, “आनखी दाबा मॅडम, मी नाही रडत.” दुखणं कमी होत नव्हतं, पण मी म्हणत होते, होईल, वेळ लागतो.

चाचणीला चार दिवस उरले होते तेव्हा सर परतले. बॅग खाली ठेवून सवयीनं खिडकीत गेले. खाली ऑटो थांबला. मी टेबलावर चादर अंथरत होते. नेहमीचं ओरडणं ऐकू येईना म्हणून मी वर पाहिलं. सर खिडकीतून अर्धे बाहेर वाकले होते.

“ही पोरगी कोनाची?” त्यांनी विचारलं.

मी खिडकीशी गेले. ती ऑटोतून उतरत होती. उजवी मांडी दोन्ही हातांनी धरून, एखादं पोतं उचलावं तसा स्वतःचा पाय उचलून तिनं बाहेर ठेवला. बारा दिवस मी तिला टेबलावर पाहिलं होतं. उतरताना एकदाही पाहिलं नव्हतं.

सर जिन्याकडं धावले. “तिथंच थांब! पायरी चढू नोको!” मग त्यांनी, तिच्या वडिलांनी आणि ऑटोवाल्यानं मिळून तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. ती लाजेनं आणि रागानं लालबुंद झाली होती. “मी चालून येते ना जी! दोन वर्सं झाली धावून राहिली मी!”

सरांनी वडिलांना चहा सांगायला खाली पाठवलं. मग तिला निजवलं, गुडघ्यावर आणि घोट्यावर हात ठेवला आणि तिचा सरळ पाय लाटण्यासारखा आत-बाहेर लोळवला. फक्त लोळवला, इतका हलका की झोपलेलं बाळ जागं झालं नसतं. पाय आत वळला तशी ती गादीवरून उसळली.

“कुठं?” सर म्हणाले.

“कमरेत.”

“कंबर नाही. जांघेत का?”

तिनं मान वळवली. भिंतीकडं तोंड.

सरांनी आवाज खाली आणला. इतक्या हळू आवाजात मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “बेटा, मी तुह्या आज्यावानी आहे. जांघेत दुखते का?”

“पयल्यापासून तिथंच दुखते,” ती म्हणाली. “कसं सांगू?”

सर माझ्याकडं वळले. “बाकीचं तू इचार. मी बाहेर उभा राहतो.”

मी विचारलं. पाळी? पाच महिने आली नव्हती, आणि तिला ते बरंच वाटलं होतं, सरावात खंड नको. जेवण? वजन वाढू नये म्हणून एक वेळ. अर्धपोटी धावणं आणि पाळी बंद होणं म्हणजे हाडं ठिसूळ होत असल्याची खूण, हे मी पदवीलाच शिकले होते. हे प्रश्न मी, एक बाई, बारा दिवसांत कधीही विचारू शकले असते.

बाहेर येऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, “खुब्याच्या मानेले, गोळ्याखालच्या हाडाले, चीर असावी. एक्स-रेत पयले पयले दिसत नाही. एमआरआय पाहिजे, नागपूरले, आजच. तोवर ह्या पायावर भार नाही. एक पाऊल बी नाही.”

आतून तिनं ऐकलं होतं. “मी नाही जात! चार दिवसांनी धावणारच मी! तुमाले काय कळते? दोन वर्सं, दोन वर्सं!” आणि ती टेबलावरून पाय खाली टाकायला लागली.

सर आत धावले आणि टेबलापुढं जमिनीवर बसले. दोन्ही हातांनी तिची पावलं धरली, जमिनीला लागू दिली नाहीत. साठीचा माणूस, घोट्यावर चढलेली पॅंट, बावीस वर्षांच्या पोरीचे पाय ओंजळीत धरून बसलेला. “नोको बेटा. तुह्या पाया पडतो. टेकवू नोको.”

दारात तिचे वडील चहाचे ग्लास घेऊन उभे होते. “डॉक्टर, पोरीनं लय मेहनत केली जी. चार दिवस गोळ्या द्या, धावू द्या, मंग तुमी म्हनाल ते.”

सर तिचे पाय न सोडता म्हणाले, “भाऊ, तुमच्याकडं सायकल आली, पुढच्या चिमट्याले चीर आहे, वरून रंग चांगला आहे. तो मानूस म्हनते, फक्त घाट उतरून येतो, मंग दुरुस्त करा. द्याल का सायकल?”

वडिलांनी ग्लास खाली ठेवले. सरांच्या ओंजळीतल्या पावलांकडं पाहिलं. मग म्हणाले, “नाही देत जी.” आणि मुलीला म्हणाले, “चाल, नागपूरले चाल.”

ती जी रडायला लागली, ती खुर्चीतून खाली नेऊन तिला गाडीत बसवेपर्यंत रडतच होती.

एमआरआयमध्ये चीर दिसली. खुब्याच्या मानेच्या वरच्या कडेला, म्हणजे सगळ्यात वाईट जागी. तिथल्या सर्जननं दुसऱ्या दिवशी सकाळी तीन स्क्रू बसवले. म्हणाले, मैदानावर तुटलं असतं तर खुब्याचा गोळा वाचेलच असं सांगता आलं नसतं.

मी सरांपुढं उभी राहिले. “सर, मी चुकले.”

मला वाटलं, ओरडतील. किंवा जाऊ दे म्हणतील. ते म्हणाले, “मले कायले सांगते? थे मी पाहिलं. तिले सांग.”

मी नागपूरला गेले. तिच्या खाटेजवळ उभी राहून सांगितलं, की मी बारा दिवस चुकीच्या जागी दाबत होते, आणि जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग तोंड भिंतीकडं फिरवलं. माझ्याशी बोलली नाही, आणि सरांशी तर नाहीच. माझ्यावर राग चुकल्याबद्दल, त्यांच्यावर खरं बोलल्याबद्दल. पुढं व्यायामासाठी यायची तेव्हा सगळ्या प्रश्नांची उत्तरं वडिलांकडं बघून द्यायची. सर मात्र तिचा पाय सुताएवढा जास्त वळला तरी टेपनं मोजून टाळ्या वाजवायचे. दर आठवड्याला विचारायचे, काय जेवली? पाळी आली का? आणि आली, तेव्हा त्यांनी खालून पावशेर पेढे आणवले. शेठजींनी विचारलं, कशाचे पेढे? सरांनी मोठ्या आवाजात खरं ते सांगितलं. शेठजी पुन्हा लाल झाले, पण पेढा घेतला.

ती पोलिसात लागली नाही. पुढच्या भरतीत थोडक्यात राहिली. आता ती वनरक्षक आहे आणि सालेकसाकडच्या जंगलात रोज मैलोगणती चालते. पण मला तिची जी सकाळ आठवते ती त्या सगळ्याच्या आधीची, ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं तेव्हाची.

सर्जननं फोटो बघून धावायला होकार दिला होता. सर म्हणाले, “कागदावर नाही, तिच्या कालव्याच्या पाळीवर ठरवू.” आम्ही पॅसेंजरनं तिच्या गावी गेलो. अंगणातल्या बाजेवर मी तिला तपासलं. पाय लोळवला, वळवला, एका पायावर उभं केलं, उड्या मारायला लावल्या. प्रत्येक वेळी विचारलं, जांघेत काही? मागं काही? सर अंगणाच्या टोकाला आमच्याकडं पाठ करून उभे होते. मी हाक मारली तरी वळले नाहीत.

“तू सांग,” म्हणाले. “धावू शकते का नाही?”

वडील बघत होते, तीही बघत होती. पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत.

“धाव,” मी म्हणाले.

कालवा भरून वाहत होता. ती पाळीवर उभी राहिली, ओढणी कमरेला बांधली आणि सुटली! आधी जपून, मग मोकळी. आणि माझ्या शेजारून काहीतरी सूं करून गेलं. सर! चपला टाकून, हात पसरून तिच्या मागं धावत सुटले होते. तिचा खुबा मागून बघायला! “डावीकडं झुकून नाही राहिली! बघ, बघ! दोन्ही बाजू सारख्या!” ते ओरडत होते, ठेचकाळत होते, आणि मीही हसत, डोळे पुसत मागून धावत होते.

पुढं पाळीवर दोन शेतकरी मोटारसायकल लावून उभे होते. एक म्हातारा एका जवान पोरीच्या मागं ओरडत धावतोय, हे पाहून त्यातला धिप्पाड माणूस आडवा आला आणि त्यानं सरांचा दंड धरला.

“ओ बुवा! पोरीच्या मांगं काऊन धावून राहिले?”

सरांच्या छातीचा भाता झाला होता. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ज्या माणसाला आयुष्यात कधी शब्द अडला नव्हता, तो नुसता समोर बोट दाखवत होता.

पन्नास पावलं पुढं ती थांबली. मागं वळली. सव्वा वर्षात ती त्यांच्याशी किंवा त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

“सोडा त्याईले, काका!” ती खणखणीत ओरडली. “माझे डॉक्टर आहेत! येऊ द्या!”

आणि ती तिथंच जागच्या जागी उड्या मारत त्यांची वाट बघू लागली.

सरांना आता कुठं श्वास सापडला. “थांबली काऊन?” ते गरजले. “कोनी सांगितलं थांबायले? धाव!”

ती वळली आणि धावली.